सावडीतला गोलकीपर

आमच्या क्लबात खेळायला यायचं म्हणलं तर आधी तोंड उघडावं लागतं. बोलायला नाही, दात दाखवायला. माणिकआबा नव्या पोराच्या हनुवटीखाली अंगठा लावतात, खालचा ओठ ओढतात, तोंड उजेडाकडं फिरवून बघतात आणि निकाल देतात, "जुळलेला हाय, समदे दात आलेत. एकोणीस म्हणतोस व्हय? तुझ्या दाढंला इचार आधी."

पोरगं ओशाळतं, बरोबर आलेले दोस्त हसतात. आबांचा अंदाज दर वेळी खरा निघतो असं मी म्हणणार नाही. एकदा त्यांनी कॉलेजातल्या एका पोराला पस्तिशीचा ठरवून परत पाठवलं. बिचाऱ्याला गुटख्याची सवय होती, बाकी काही नाही. पण दात बघितल्याशिवाय माणूस घ्यायचा नाही, हा नियम आबांनी आजवर मोडला नाही.

दातांनंतर चाल. पोराला मैदानभर नुसतं चालवतात. मग हळूच मागून जाऊन टाळी वाजवतात. पोरगं दचकलं की आबांचा चेहरा खुलतो. न दचकणारा त्यांना नको असतो. "ह्याला भ्याच न्हाई. असलं जनावर हिरीत जातं, अन् जाताना जोडीदाराला बी घिऊन जातं."

आबा म्हणजे लातूरच्या बैलबाजारातले जुने दलाल. सारा जन्म देवणी बैलांचे दात मोजण्यात गेला. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि चालताना नजर समोरच्याच्या पायांवर. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता. बाजाराचा दिवस सोडला की ते मैदान मोकळंच असायचं, तिथं मोहल्ल्यातली पोरं खेळायची. एकदा चेंडू एका बैलाच्या पुठ्ठ्यावर बसला, बैल दावं तोडून पळाला, आणि आबा काठी घेऊन पोरांना झोडपायला गेले. ते खेळ बघत संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले. काठी तशीच हातात. दुसऱ्या दिवशी पोरांना म्हणाले, "तुमच्यात जोर लई हाय, पर कुणाचं कुणाशी जुळंना. जोड्या चुकल्यात तुमच्या." तेव्हापासून नंदी फुटबॉल क्लबचे मालक, मॅनेजर आणि निवड समिती सगळं तेच.

खेळाचे नियम त्यांना आजही पुरते कळत नाहीत. ऑफसाइडला ते 'बांधाचं भांडण' म्हणतात. एकदा उदगीरकडून एक चांगला तगडा स्ट्रायकर आला होता. आबांनी त्याला दोन मिनिटं बघितलं आणि नाकारलं.

"कामून आबा?" सगळ्यांनी विचारलं.

"लाथाळ हाय."

"आबा, फुटबॉल हाय हो!"

"आसू द्या. आज चेंडूला मारतोय, उद्या धन्याला मारंल."

आणि भीती. आबांइतका भिणारा माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही. कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी ते म्हणतात, "थांबा. आधी भिऊन घिऊ." मॅचच्या आधी पोरांना गोल बसवतात आणि काय काय वाईट होऊ शकतं ते एकेकाला विचारतात. पाय मुरगळंल. पेनल्टी हुकंल. टेम्पो पंक्चर होईल. सगळं भिऊन झालं की मग मोकळ्या मनानं खेळायचं, असा त्यांचा हिशोब. एकदा एक नवं पोरगं गमतीनं 'भूकंप' म्हणलं. कोणी हसलं नाही. आबांनी त्याला हळूच सांगितलं, "ते आमी भिऊन झालोय बाबा. दुसरं सांग."

आमचं वैर नांदेडच्या शेरदिल क्लबाशी. तो क्लब जब्बारमामूंचा. मामूंचं टायर रिमोल्डचं दुकान आहे. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं. आबांच्या गिऱ्हाइकांच्या बैलगाड्यांना जुनी टायरं मामूंच्याकडूनच यायची, तिथनं ओळख झाली, ओळखीची दोस्ती झाली आणि दोस्तीतून हे वैर आलं. दोघं रोज सकाळी फोनवर एकमेकांना शिव्या देतात. एखाद्या सकाळी फोन आला नाही तर आबा चहा घेत नाहीत.

दिवाळी सरली की खेळाडूंच्या बदल्यांचा हंगाम येतो, आणि तेव्हा दोघांचे स्वभाव उघडे पडतात. मामू टायरवाल्याच्या डोक्यानं माणसं घेतात. हैदराबादेत, निजामाबादेत कधीकाळी नाव काढलेला, आता गुडघे गेलेला खेळाडू हुडकायचा. त्याला पट्ट्या बांधायच्या, पायाचं सूप पाजायचं, नवे बूट द्यायचे आणि मैदानात सोडायचा. आबांना हे बघवत नाही. "वरून रबर नवं, आतला दोरा कुजका. उताराला फुटणार बघा." आबांची रीत उलटी. ते खोंडच घेतात. मिसरूड न फुटलेली पोरं आणायची, वळण लावायचं, जोड्या जुळवायच्या, आणि तीन-चार वर्षांनी क्लब उभा राहील म्हणून वाट बघायची.

मामू फोनवर म्हणतात, "आबा, तुमारा बछडा दूध छोडे तक मेरा टायर हैदराबाद जाके वापस आ जाता."

मी शाळा फार शिकलेलो नाही, पण गोलात उभं राहून जेवढं दिसतं त्यावरून सांगतो, मामूंचा हिशोब बरोबर ठरतो. आबांचा खोंड तयार झाला की कुणीतरी त्याला नेतंच. शेरदिलनं नेले त्यापेक्षा जास्त पोलीस भरतीनं नेले. मामूंची माणसं मात्र कुठं जात नाहीत, कारण त्यांना दुसरं कुणी मागतच नाही. म्हणून आमच्या दोन क्लबांतल्या दर वर्षीच्या मॅचची शिल्ड नेहमी नांदेडलाच जाते. आबांना हे पटत नाही असंही नाही. पण रीत बदलायची म्हणलं की म्हणतात, "वाढवलेलं जातंच. म्हणून वाढवायचंच न्हाई का?"

आता माझी गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी मूळचा माहूरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. सातवीतून शाळा सोडली, ट्रकवर हमाली धरली. एका फेरीला लातुरात मला कावीळ झाली. ड्रायव्हरनं बैलबाजारातल्या हौदापाशी उतरवलं, 'आलोच' म्हणला आणि गेला. दुपार टळली तरी मी रस्त्याकडंच बघत होतो. तेवढ्यात एक म्हातारा माणूस जवळ आला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "तोंड उघड."

मला वाटलं औषध देतोय. त्यानं दात बघितले, मग मागं जाऊन टाळी वाजवली. एवढ्या तापात मी टुणकन उडालो. "जीव हाय," म्हणले आणि मला घरी नेलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी आबांचा पिकअप चालवतो, जनावरांची वैरण बघतो. काकू, म्हणजे आबांची बायको, मी यायच्या आधीच वारल्या. भाकरी आबा स्वतः थापतात, माझी करपवतात आणि स्वतःची कच्ची ठेवतात. क्लबात मी गोलकीपर. मला का निवडलं हे विचारायला नकोच. "ह्याच्यावानी भिणारा मराठवाड्यात न्हाई," असं ते चारचौघांत कौतुकानं सांगतात. मला आबांची शिवी लागत नाही, तो 'आलोच' मात्र अजून कानात आहे. त्यांच्या घरचा उंबरा ओलांडताना मी अजून पाय पुसून घेतो.

गेल्या दिवाळीनंतर बहिणीचा फोन आला. आई ओट्यावरून पडली, मांडीचं हाड दुखावलं, चालता येईना, माझी आठवण काढते. मी म्हणलं, "येऊन राहिलो." आणि गेलो नाही. आबांना सांगितलंही नाही. मला वाटायचं, एकदा का आपण आपल्या जागेवरून उठलो की ती जागा राहत नाही. नवा कुणी तापानं फणफणलेला हौदापाशी बसलेला असेल, आबा त्याचे दात बघतील, झालं.

आणि एका सकाळी, कडबा टाकताना, आबांचं फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"स्ट्रायकर नको मला... गोलकीपर देतो म्हणतोय न्हवं... व्हय, गंगाधर... आरं भितो तर लई, त्याची काळजी नको."

माझ्या हातातली पेंढी तशीच राहिली. गंगाधर म्हणजे मी.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बैलांना दोनदा धुवायला लागलो. सरावाला मुरमावर अंग टाकायला लागलो. कोपरं सोलून निघाली. आबांच्या आधी उठून चहा ठेवायचा, त्यांनी हाक मारायच्या आत 'जी' म्हणायचं. आरशात स्वतःचे दात बघितले. एक दाढ किडलेली दिसली, तेव्हा तर धीरच गेला. म्हणलं, हेच बघितलं असेल त्यांनी.  

मग एक दिवस आबा म्हणले, "पिकअप काढ. नांदेडला जायचंय. दोन कपडे बी घे."

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मी दोनदा गिअर चुकवला. आबांनी शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हा माझी खात्री झाली. विकायला काढलेल्या जनावराला बाजाराच्या वाटेवर कुणी मारत नाही.

मामूंच्या दुकानात रबराचा वास, टायरांच्या चळती. मामूंनी आबांना मिठी मारली, मला वरून खाली बघितलं. "यही है? ये तो सुकडा है आबा."

"दिसायला. अंगात काटा हाय."

मग दोघं समोरासमोर टायरांवर बसले आणि आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मधे धरला.  बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली एकानं दुसऱ्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून बोलायचं. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही, बैलाला तर नाहीच. मी कितीतरी सौद्यांत बैलाचं दावं धरून उभा राहिलोय. त्या दिवशी माझ्या हातात दावं नव्हतं, एवढाच फरक.

टॉवेल हलायला लागला. मामूंनी मान हलवली. आबांनी ओठ आवळले. मामू हसले, "इतना?"  टॉवेल पुन्हा हलला. मामूंच्या कपाळावर घाम आला. "आबा, ये सौदा है की सोयरीक?" आबा म्हणले, "बोटानं बोल." चहा आला, गार झाला, साय धरली. मी देवी रेणुकेचं नाव घेत एका टायरला धरून उभा.

शेवटी मामूंनी हात बाहेर ओढला आणि बोटं झटकत म्हणले, "हौ बाबा, हौ! ऊंगल्या तोडता क्या?"

आबांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि पिकअपकडं निघून गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मामू," मी कसाबसा विचारलं, "कितीला दिलं मला?"

मामू हसायला लागले. "देता कहाँ है वो! मैं पूरा मांगा, वो आधा देरा. सावड बोलता."

सावड म्हणजे आमच्याकडं ज्यांच्याकडं एकेकच बैल आहे असे दोन शेतकरी बैल जोडीनं वापरतात ती. पंधरवडा तुझा, पंधरवडा माझा. अमावस्या ते पौर्णिमा मी मामूंकडं राहायचं, दुकानात काम, शेरदिलच्या गोलात उभं राहायचं. पौर्णिमा ते अमावस्या लातूर. पण आबांची एक अट होती आणि एवढा वेळ बोटं तिच्यासाठीच झिजली होती. मामूंनी मला मधे चार दिवसांची सुट्टी देऊन माहूरच्या बसमध्ये बसवून द्यायचं. मामू दोन म्हणत होते. आबा चारावरून हलत नव्हते.

"तेरी अम्मी गिरी बोलते?" मामू म्हणले. "माहूर की बस इधर से सीधी है."

मी पिकअपपाशी गेलो. आबा आत बसून समोरच्या काचेवरची धूळ पुसत होते, आतल्या बाजूनं, जिथं धूळ नव्हती.

"आबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय. दिवाळीपस्नं जेवताना तोंड तिकडं करून बसतोस, म्हणून तुझ्या भनीला फोन लावला. इकलेला बैल बी तसाच बसतो, गावाकडं तोंड करून. लोकांस्नी वाटतं रवंथ करतोय."

"तुम्ही मला विचारलं असतं तर..."

"अन् तू कायमचाच जातो म्हणला असतास तर?" आबा म्हणले.  "चल. पिशवी उतरव आता. अमावस्या झालीय, त्याचा पंधरवडा लागला."

तेव्हा कुठं मला दोन कपड्यांचा अर्थ कळला. पिकअप चालवायला मामूंचा माणूस बसला आणि आबा गेले. 'आलोच' ऐकून हौदापाशी बसलो होतो तसा मी पुन्हा रस्त्याकडं बघत राहीन म्हणून असेल, जाताना 'येतो' म्हणले नाहीत. "पौर्णिमेला ये," म्हणले.

आईला भेटून आलो. काठी धरून ती अंगणापर्यंत येते आता. तिनं विचारलं, "मालक कसा हाये?" मी म्हणलं, "दोन हायेत." तिला काही कळलं नाही.

सगळं नीट चाललं होतं. पण सावडीत दोघा म्हाताऱ्यांनी एक गोष्ट धरलीच नव्हती. एवढं भिणारे आबा, पण ही भीती त्यांच्याही यादीत नव्हती. सावड शेजाऱ्यांत असते, आणि सावडीचे भागीदार कधी एकमेकांच्या विरुद्ध नांगरत नाहीत. नंदी आणि शेरदिलची शिल्डची मॅच तोंडावर आली, लातूरच्या बाजार मैदानात, आणि ती नेमकी पौर्णिमेच्या दिवशी.

मैदानातच जुंपली. मामू म्हणले, पौर्णिमा सुटेपर्यंत बैल माझा. आबा म्हणले, पौर्णिमा लागली की माझा. पंचांग बघायला माणूस पिटाळला. मी मधे उभा, हातमोजे काखेत. मला एकच दिसत होतं. आज मी कुणाच्याही गोलात उभा राहिलो तरी एक घर जाणार. चेंडू अडवला तर एक म्हणणार ह्यानं खाल्ल्या मिठाला... आणि सोडला तर दुसरा म्हणणार मुद्दाम सोडला. मी खाली बसलो.

रेफ्री शाळेतले पी.टी.चे सर होते. "हे नियमात बसत नाही," ते म्हणत होते. पण तोवर म्हाताऱ्यांनी सावडीचाच नियम काढला होता. दुपारपर्यंत एकाच्या शेतात, दुपारनंतर दुसऱ्याच्या. पहिला हाफ मी नंदीचा, दुसरा हाफ शेरदिलचा.

"सर, सीटी बजाओ," मामू म्हणले. सरांनी कपाळावर हात मारला आणि शिट्टी वाजवली.

आता ज्यांना फुटबॉल माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. हाफ झाला की टीमा बाजू बदलतात. म्हणजे पहिल्या हाफमधला नंदीचा गोल हाच दुसऱ्या हाफमध्ये शेरदिलचा गोल. अख्खं मैदान इकडून तिकडं झालं, मी जागचा हललो नाही. नुसता शर्ट बदलला.

पहिल्या हाफला आबा नेहमीसारखे माझ्या गोलाच्या मागं बसले होते, पालथ्या घमेल्यावर. मामूंच्या एका गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या हैदराबादी खेळाडूनं एक चेंडू असा हाणला की मी डोळे मिटून हात वर केले आणि तो हाताला लागून वर गेला. आबा मागून म्हणले, "हं." आबांचं एवढंच असतं.

हाफ झाला. मी शेरदिलचा हिरवा शर्ट घातला. मागं वळून बघायची हिंमत होईना. आबा उठले, धोतर झटकलं, घमेलं उचललं. मला वाटलं, आता मैदान ओलांडून पलीकडं जाणार, आपल्या गोलामागं. जायलाच पाहिजे. सगळा नंदी क्लब तिकडं होता.

घमेलं दोन पावलं सरकवून ते परत बसले.

"आबा," मी न वळता म्हणलं, "तुमचा गोल तिकडं हाय."

"म्होरं बघ."

शेवटी शेवटी नंदीचा सोहेल सुटला. दाढी न फुटलेला, आबांनी त्याचे दुधाचे दात असताना आणलेला, आता सगळ्यात वेगवान. समोर कुणी नाही, फक्त मी. बरोबरी होती, एक गोल आणि शिल्ड लातुरात. पहिल्यांदाच.  सोहेल जवळ आला, मान वाकवली, पाय मागं घेतला.

आणि मागून, कुणाला ऐकू जाणार नाही असा आवाज आला, "डावीकडं."

मी डावीकडं पडलो. चेंडू मनगटावर बसला, खांबाला लागला आणि बाहेर गेला. शिट्टी वाजली. बरोबरी झाली की शिल्ड गेल्या वर्षीच्याच घरी राहते, म्हणजे नांदेडला. मामू टोपी उडवत मैदानात धावले. सोहेल डोकं धरून खाली बसला.

आबा ताडकन उठले. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "आरं बेइमाना! वाढवलं, खाऊ घातलं, अन् घात केलास व्हय रं! तोंड दाखवू नगंस!" काठी आपटत माझ्यापर्यंत आले. नंदीची पोरं मला मारायला निघाली होती ती थांबली. आबाच मारणार म्हणल्यावर त्यांची गरज नव्हती.

आबा माझ्यावर वाकले. मातीत पडलेला माझा हात त्यांनी उचलला, मनगट दाबून बघितलं, बोटं एकेक हलवून बघितली.

"लागलं का रं?" हळूच म्हणले.

मी नाही म्हणलं. लागलं होतं.